महागलेली साठवण आणि नव्या संगणकाची निवड

नवा संगणक जुळवून घेणाऱ्या ग्राहकाला आजवर मुख्य चिंता असे ती प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाच्या किमतीची. माहिती साठविणारी ड्राइव्ह ही खर्चाची किरकोळ बाब मानली जाई. २०२५ च्या उत्तरार्धापासून हे चित्र पालटले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्सची मागणी इतकी वाढविली, की रॅम, एसएसडी आणि त्यांच्या पाठोपाठ मोठ्या क्षमतेच्या हार्ड डिस्कही महाग झाल्या. दिवसा ज्यावर उपजीविकेचे काम आणि रात्री ज्यावर गेम, असा एकच संगणक घेऊ पाहणाऱ्या मध्यमवर्गीय ग्राहकाला या महागाईची झळ सर्वाधिक बसते. त्यामुळे कोणती ड्राइव्ह घ्यावी, हा प्रश्न आता केवळ हौशी मंडळींचा राहिलेला नाही.

या बदलाची सर्वांत ठळक खूण ३ डिसेंबर २०२५ रोजी दिसली. अमेरिकेच्या मायक्रॉन कंपनीने ‘क्रुशियल’ या नावाने सुमारे तीन दशके चालविलेला किरकोळ ग्राहकांचा व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. डेटा सेंटरांकडून वाढलेली मागणी आणि मोठ्या ग्राहकांना पुरवठा करण्याची गरज, हेच कारण कंपनीने दिले. सामान्य ग्राहकाचा क्रम रांगेत मागे गेला आहे, याची ही एका अर्थाने जाहीर कबुलीच होती.

या टंचाईचे मूळ त्याआधीच्या मंदीतही आहे. २०२२ आणि २०२३ मध्ये बाजारात चिप्सचा एवढा सुकाळ झाला होता, की भाव कोसळले आणि उत्पादकांना मोठा तोटा सोसावा लागला. तेव्हा सॅमसंगसह बहुतेक कंपन्यांनी उत्पादन घटविले. फ्लॅश चिप्सच्या जागतिक उत्पादनाचा फार मोठा वाटा सॅमसंग, एसके हायनिक्स, किओक्सिया, सॅनडिस्क आणि मायक्रॉन या मोजक्या कंपन्यांच्या हाती आहे. चिनी कंपनी वायएमटीसी त्यांना आव्हान देऊ पाहते, परंतु डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने तिच्यावर व्यापारी निर्बंध लादले. हात आखडता घेतलेल्या उद्योगावर अकस्मात मागणीचा लोंढा आला आणि भाव चढले.

२०११ च्या अखेरीस थायलंडमधील महापुरात हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले, तेव्हाही जगभर किमती भडकल्या होत्या. परंतु तेव्हा पूर ओसरणार हे निश्चित होते. या वेळी कारखाने सुरळीत चालू असताना माल दुसरीकडे वळला आहे. भारतीय ग्राहकाच्या बाबतीत तर हा दुष्काळात तेरावा महिना ठरला, कारण डिसेंबर २०२५ मध्येच रुपया प्रथमच डॉलरमागे ९० च्या पलीकडे घसरला. गुजरातमधील साणंद येथे मायक्रॉनचा प्रकल्प २०२३ मध्ये जाहीर झाला, तो चिप्सची जुळणी आणि चाचणी यांसाठी आहे. मूळ चिप परदेशातच घडते आणि तिचा भाव जागतिक बाजारच ठरवितो. त्यामुळे दिल्लीचे नेहरू प्लेस असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो वा बेंगळुरूचा एस. पी. रोड, दुकानदाराशी घासाघीस करून फारसे काही हाती लागेल अशी स्थिती नाही.

अशा वेळी पैसा नेमका कोठे खर्च करावा? जाहिरातींचा सारा भर वेगावर असतो. साध्या हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला साधारण १५० ते २५० मेगाबाइट, साटा जोडणीच्या एसएसडीचा सुमारे ५५०, पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीतील एनव्हीएमई ड्राइव्हचा ३,५००, चौथ्या पिढीचा ७,००० आणि पाचव्या पिढीचा १४,००० पर्यंत. आकडे दिपवून टाकणारे आहेत. तथापि ते एकाच मोठ्या फायलीच्या सलग वाचनाचे आहेत. संगणक सुरू होणे, दस्तऐवज उघडणे, गेममधील नवे दृश्य समोर येणे या क्रियांत असंख्य लहान तुकडे वेगवेगळ्या जागांवरून उचलावे लागतात. हार्ड डिस्कला एक तुकडा शोधण्यास सुमारे १० मिलिसेकंद लागतात, तर एसएसडीला त्याचा शंभरावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. म्हणून हार्ड डिस्क सोडून एसएसडी घेतल्यावर पडणारा फरक कोणालाही जाणवतो, मात्र चौथ्या पिढीकडून पाचव्या पिढीकडे गेल्यास बहुतेक गेममध्ये तो जेमतेम कळतो. शिवाय पाचव्या पिढीच्या ड्राइव्ह तापतात आणि त्यांना थंड ठेवण्याची वेगळी व्यवस्था लागते. मोठमोठ्या चित्रफितींचे संपादन हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांनीच हा जादा खर्च विचारात घ्यावा.

एसएसडी मात्र आता ऐच्छिक राहिलेली नाही. २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्ये वेगवान एसएसडी होती आणि तेव्हापासून गेमची रचनाच तिला गृहीत धरून होऊ लागली. २०२३ मध्ये ‘स्टारफील्ड’ने किमान गरजांमध्येच एसएसडीचा समावेश केला. त्याच वर्षी ‘सायबरपंक २०७७’च्या निर्मात्यांनी हार्ड डिस्कला असलेला पाठिंबा काढून घेतला. ‘बाल्डर्स गेट ३’ला तर १५० गिगाबाइट जागा लागते. त्यात एक टेराबाइटची ड्राइव्ह विंडोजमध्ये सुमारे ९३१ गिगाबाइटच दाखविते, कारण उत्पादक आणि विंडोज यांची मोजणीची पद्धत भिन्न आहे. कार्यप्रणाली, कामाची सॉफ्टवेअर आणि असे तीन-चार गेम एवढ्यानेच ती भरत येते. त्यामुळे वेगाची वरची पायरी आणि क्षमतेची वरची पायरी यांत निवड करायची झाल्यास क्षमतेची करावी. तेही परवडत नसेल, तर दोन एम.२ खाचा असलेला मदरबोर्ड घेऊन आज एकच ड्राइव्ह बसवावी आणि दुसरी खाच भाव उतरेपर्यंत रिकामी ठेवावी.

चिपचा प्रकारही पाहावा. टीएलसी चिपच्या एका पेशीत तीन बिट साठतात, क्यूएलसीत चार. क्यूएलसी स्वस्त पडते, परंतु सलग मोठे लेखन करताना तिचा वेग बराच खाली येतो आणि आयुर्मानही तुलनेने कमी असते. कामाच्या मुख्य ड्राइव्हसाठी टीएलसी श्रेयस्कर, केवळ गेम ठेवण्यासाठी क्यूएलसी चालेल. ‘एसएसडी लवकर झिजते’ ही भीती मात्र अनाठायी आहे. एक टेराबाइटच्या चांगल्या ड्राइव्हला ६०० टेराबाइट लेखनाची हमी असते. रोज ५० गिगाबाइट लिहिले, तरी ती मर्यादा गाठण्यास ३२ वर्षांहून अधिक काळ लागेल.

खरा धोका झिजण्याचा नसून अचानक बंद पडण्याचा आहे. एसएसडी बहुधा पूर्वसूचना न देता निकामी होते. चुकून पुसलेली फाइलही तिच्यातून परत मिळणे दुरापास्त असते, कारण ट्रिम नावाच्या व्यवस्थेमुळे पुसलेली जागा लवकरच खरोखर रिकामी होते. गेम पुन्हा डाउनलोड करता येतो. ग्राहकांचे हिशेब, प्रबंधाची प्रकरणे, घरातील छायाचित्रे कोठून आणणार? यासाठी हार्ड डिस्कचे स्थान अद्याप अबाधित आहे. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी, हा जुना नियम आजही तितकाच खरा आहे. त्यातील निदान एक प्रत नित्य जोडलेली नसावी, म्हणजे संगणकात शिरलेला विषाणू तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

हार्ड डिस्क निवडतानाही डोळे उघडे ठेवावेत. काही डिस्कमध्ये लेखनाच्या पट्ट्या छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकींवर चढविलेल्या असतात. या एसएमआर पद्धतीत जागा वाचते, परंतु पुनर्लेखन मंदावते. आठवड्यातून एकदा प्रत काढण्यास ती पुरेशी आहे, सततच्या कामाला नाही. २०२० मध्ये उत्पादकांनी काही डिस्कवर या पद्धतीचा स्पष्ट उल्लेखच केला नसल्याचे उघड झाले होते. २०२५ च्या प्रारंभी युरोपात हजारो तास वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचेही आढळले. टंचाईत अशा प्रकारांना ऊत येतो. म्हणूनच अधिकृत विक्रेता, पक्की पावती आणि भारतात लागू असणारी वॉरंटी यांसाठी थोडे अधिक मोजणे हा अपव्यय नव्हे.

तात्पर्य, मध्यम वेगाची पण पुरेशा क्षमतेची एक एसएसडी आणि प्रतींसाठी वेगळी हार्ड डिस्क ही जोडी आजच्या परिस्थितीत बहुसंख्यांना पुरेशी आहे. मेमरीच्या बाजारात टंचाईनंतर सुकाळ आणि सुकाळानंतर टंचाई हे चक्र आजवर अनेकदा फिरले आहे. भाव उतरतील तेव्हा वेगवान ड्राइव्ह घेता येईल. तोवर काटकसर वेगात करावी, प्रती ठेवण्यात नको.