इशारा आपल्या भाषेत पायजे

कर्नाटक सरकारची ‘एलिव्हेट’ योजना नवउद्योगांना ५० लाखांपर्यंत अनुदान देते. पैसा जनतेचा आहे, म्हणून विचारतो: वीज, पूर, भूकंपाचा इशारा देणारं तंत्रज्ञान त्यातून उभं राहिलं, तर औराद-भालकीच्या मराठी शेतकऱ्याला तो इशारा कळणार कसा?

धोका इथे काही कमी नाही. १९९३ ला किल्लारी हादरली ती आपल्या शेजारीच. २०२० च्या पुरात भीमाकाठ बुडाला. २०२१ मध्ये चिंचोळी तालुक्यातलं गडिकेश्वर धक्क्यांनी हैराण झालं. वर वीज कडाडत असताना मेसेज दुसऱ्याकडून वाचून घ्यायला वेळ कुठे असतो?

जिथे १५ टक्के लोक एखादी भाषा बोलतात, तिथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेत द्यायच्या, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशात ठरलेलं तत्त्व आहे. मग अनुदानाच्या अटीतच लिहा ना: सीमाभागासाठीचा इशारा कन्नडसोबत मराठीतही. चाचणी इथल्याच गावांत घ्या, काम बीदर-कलबुर्गीच्या पोरांना द्या. कलम ३७१ (जे) या मागास भागासाठीच आहे.

कन्नडशी आपलं भांडण नाही. जीव वाचवणारा शब्द कळला पाहिजे. कलम ३५० प्रमाणे तक्रारीचं निवेदन आपल्या भाषेत देता येतं. तेव्हा मित्रांनो, ही मागणी मराठीतच लिहून द्या.