अमेरिकेचा डबा आणि गुटगुटीत बाळ

भारतात जायची तिकिटं काढली की फर्माइशी सुरू होतात. ज्या घरात नवं बाळ आलेलं असतं, तिथून हल्ली एक मागणी हमखास येते. "तिकडचा दुधाच्या पावडरीचा डबा आण. त्यात प्रोटीन भारी असतं म्हणे. आमचं बाळ जरा किरकोळच वाटतं."

हे डबे मी आणत नाही. का आणत नाही ते एकदाच लिहून टाकतो, म्हणजे प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगायला नको.

आधी प्रथिनांचं बघू. तापलेल्या दुधात लिंबू पिळलं की दूध फाटतं. चोथा होतो तो मुख्यतः केसीनचा आणि उरलेल्या पाण्यात जी प्रथिनं राहतात ती व्हे. गाईच्या दुधात केसीन ८० टक्के आणि व्हे २० टक्के. आईच्या दुधात साधारण ४० आणि ६०, पहिल्या दिवसांत तर व्हे त्याहूनही जास्त. पण खरा फरक पुढेच आहे. १०० मिली गाईच्या दुधात प्रथिनं सुमारे ३.३ ग्रॅम, आईच्या दुधात जेमतेम १ ग्रॅम! वासराला जन्मल्या दिवशीच उभं राहायचं असतं. आपल्या बाळाचे तर नुसती मान धरण्यातच काही महिने जातात. निसर्गाचा हिशोब चोख आहे.

म्हणजे पावडर बनवणाऱ्याचं मूळ काम प्रथिनं वाढवण्याचं नसून कमी करण्याचं आहे. मग 'भरपूर प्रोटीन' ही जाहिरात झाली की तक्रार?

आता इथल्या दुकानातली रांग बघा. 'जेंटल', 'सेन्सिटिव्ह', 'कम्फर्ट', सोयाचं, शेळीच्या दुधाचं, ए-टू. माणूस चक्रावून जातो. डबा उलटा करून मागचे आकडे वाचले की चक्कर उतरते. अमेरिकेचा कायदा म्हणतो, १०० कॅलरींमागे प्रथिनं १.८ ते ४.५ ग्रॅम हवीत. बहुतेक डबे २ च्या आसपास असतात. पुढची चित्रं वेगळी, मागचे आकडे जवळपास तेच.

प्रथिनं अर्धवट तोडलेली पावडर 'ॲलर्जी टाळते' म्हणून बरीच वर्षं खपवली गेली. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं की असा पुरावा नाही. ज्या बाळांना गाईच्या दुधाची ॲलर्जी खरोखरच आहे, त्यांना पूर्ण तोडलेल्या प्रथिनांची पावडर लागते. पण ते औषध आहे, डॉक्टरांनी सांगितल्यावरच घ्यायचं. २०२२ मध्ये मिशिगनमधला एक कारखाना बंद पडला आणि या महासत्तेतले दुकानांचे फळे रिकामे झाले. मे महिन्यात असली खास पावडर जर्मनीहून लष्करी विमानाने आणावी लागली. अमेरिकेचा डबा म्हणजे भरवशाचा, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

बरं, जास्त प्रथिनं दिली तर होतं काय? युरोपात पाच देशांत याची रीतसर चाचणी झाली. हजाराहून अधिक बाळांचे दोन गट केले. एका गटाला पहिलं वर्षभर कमी प्रथिनांची पावडर, दुसऱ्याला जास्त. दोन वर्षांनी बघितलं तर उंची दोन्हीकडे सारखी, वजन मात्र जास्त प्रथिनंवाल्यांचं अधिक. हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. २०१४ मध्ये पुढचे आकडे आले. सहाव्या वर्षी लठ्ठ मुलं जास्त प्रथिनांच्या गटात १० टक्के, कमीच्या गटात ४.४ टक्के. थोडक्यात, जादा प्रथिनांनी बाळ उंच झालं नाही, फक्त जाड झालं.

आणि आपल्याकडे नेमकं तेच हवं असतं! सुदृढ बालक स्पर्धेत बक्षीस कुणाला? गालांना खळ्या नि मनगटाला वळ्या असतील त्याला. 'बाळसं धरलं नाही' असं कुणी आत्या-मावशी म्हणून गेली की बिचारी आई रात्रभर झोपत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला 'तुझं दूध पुरत नाही' हे सांगायला आपल्याकडे कुठलीही डिग्री लागत नाही.

यात मापाच्या पट्टीचाही घोळ होता. १९७७ च्या अमेरिकन तक्त्यातली दोन वर्षांखालची बाळं ओहायोतल्या एका भागातली, बहुतेक गोरी आणि बाटलीवर वाढलेली. त्या पट्टीने सगळं जग मोजलं गेलं. अंगावर पिणारी बाळं काही महिन्यांनी त्यात मागे पडलेली दिसायची, आणि डबा आणायला तेवढं निमित्त पुरायचं. २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नवा तक्ता काढला, अंगावर पिणाऱ्या बाळांवरून. त्यासाठी निवडलेल्या सहा देशांत भारत होता, दिल्लीची बाळं होती. २०१० पासून दोन वर्षांखालच्या मुलांसाठी अमेरिकेनेही हाच तक्ता वापरावा असं इथलं सरकारी आरोग्य खातं सांगतं. आपल्या अंगणवाडीतही तोच असतो.

कायद्यातही आपण पुढे आहोत. पावडरीच्या जाहिरातींना लगाम घालणारी संहिता १९८१ मध्ये जगापुढे आली, तेव्हा विरोधात मत देणारा एकच देश होता, अमेरिका. भारताने १९९२ मध्ये कायदा केला, २००३ मध्ये आणखी कडक केला. आपल्या डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र छापता येत नाही. इथला डबा आकर्षक दिसतो कारण इथे ते चालतं. आतल्या दुधाचा त्याच्याशी काय संबंध?

गैरसमज नको. पावडर म्हणजे विष नव्हे. आईला दूध येत नसेल, ती आजारी असेल, तर डबा हवाच. त्यात तिचा काही दोष नाही. मग डॉक्टर सांगतील तो, तुमच्या गावात नेहमी मिळणारा डबा घ्या. पाणी उकळलेलं, बाटली स्वच्छ, आणि माप डब्यावर लिहिलंय तेवढंच. पावडर पुरवण्यासाठी पाणी वाढवू नका आणि बाळ भरावं म्हणून चमचा वाढवू नका.

बाळ किरकोळ वाटत असेल तर दर महिन्याला वजन-उंची तक्त्यावर मांडा. रेघ आपल्या वाटेने वर चढत असेल तर बाळ उत्तम आहे, मग शेजारचा बंड्या कितीही गोबरा असो. रेघ आडवी झाली किंवा खाली वळली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. माझ्या विमानाची वाट बघत बसू नका.