समुद्रात आधीच!

एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या धुराड्यांखाली राहणाऱ्या आम्हां मंडळींना विजेचे राजकारण तोंडपाठ. समुद्रातल्या तेलाचे मात्र कुणी विचारू नये! १९९५ च्या निवडणुकीत युतीने एन्रॉनला अरबी समुद्रात बुडविण्याची गर्जना केली. (मी तेव्हा अकरावीत; टाळ्या मीही पिटल्या.) दाभोळचा वीजकरार ऑगस्टात रद्द झाला, नि १९९६ मध्ये नव्या अटींनी परत आला. पण गंमत पाहा, ही अमेरिकन कंपनी समुद्रात आधीच होती! मुंबईजवळच्या पन्ना-मुक्ता तेलक्षेत्रांत डिसेंबर १९९४ च्या कराराने तिला ३० टक्के वाटा मिळाला होता, तोही २५ वर्षांसाठी. पारावर त्याविषयी अवाक्षर नाही. २००१ मध्ये एन्रॉनचे दिवाळे वाजले. वाटा ब्रिटिश गॅसने घेतला. डिसेंबर २०१९ मध्ये क्षेत्रे ओएनजीसीकडे परतली, तेव्हा पारावर कांद्याचा भाव चालला होता.