हिशेब कुणाच्या नावावर?

गेल्या महिन्यात आमच्या हातून एका मुलावर अन्याय झाला. तो आधी कबूल करतो, मग पुढचे सांगतो.

आमच्या शाळेच्या संगणक कक्षात एकाच संगणकाला पाच पडदे जोडलेले आहेत. मेमरी एकच, वापरणारे पाच. एका पडद्यावर आम्ही दहावीचे गुण भरत होतो, शेजारी नववीचा एक मुलगा व्हिडिओ पाहत होता. अचानक आमची फाइल बंद पडली, तासाभराची मेहनत गेली. "तुझ्या व्हिडिओमुळे झाले," म्हणत आम्ही त्याला सर्वांसमोर बाहेर काढले. तो काही बोलला नाही, मान खाली घालून गेला.

दुसऱ्या दिवशी संगणक दुरुस्त करणाऱ्या तरुणाने त्यातली नोंद उघडून दाखवली. "सर, सर्वांत जास्त मेमरी तुमच्याच फाइलीने घेतली होती." खरेच होते. सगळ्या मुलांचे मोठमोठे फोटो आम्ही त्यात चिकटवले होते.

संगणकाच्या मुळाशी एक कारभारी असतो, त्याला कर्नेल म्हणतात. आमचा संगणक लिनक्सवर चालतो, तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्सचेच कर्नेल आहे. मेमरी तो बहुधा ४ केबीच्या पानांत वाटतो. मागेल त्याला "देतो" म्हणतो, पण पान खरोखर देतो ते हात लावल्यावरच. त्यामुळे कधी कधी कबूल केलेले जास्त आणि घरात कमी, अशी वेळ येते. कुठूनच काही मोकळे होईना, की तो प्रामुख्याने सर्वांत जास्त खाणारा प्रोग्राम निवडून बंद करतो. त्या दिवशी तो आमचा निघाला.

यावर उपाय म्हणजे आधीच हिशेब ठेवणे. २००६ मध्ये गूगलच्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ या अभियंत्यांनी हे काम सुरू केले. प्रोग्रामांचे गट करायचे आणि प्रत्येक गटाचा खर्च वेगळा मांडायचा. जानेवारी २००८ मध्ये ही सोय लिनक्समध्ये आली, मेमरीचा हिशेब त्याच वर्षी एप्रिलमध्ये. २०१६ मध्ये तिची सुधारलेली दुसरी आवृत्ती आली.

तिच्यात घरखर्चासारख्याच मर्यादा आहेत. एक इशाऱ्याची, ती ओलांडली की गटाचा वेग कमी केला जातो आणि पाने परत मागितली जातात. एक शेवटची, तिच्यापुढे त्याच गटातला प्रोग्राम बंद होतो, शेजाऱ्याला झळ लागत नाही. आणि एक राखीव, दादीच्या औषधाचे पैसे वेगळे ठेवतो तशी. बाकीच्यांना कितीही ओढ लागली तरी त्याला हात लावायचा नाही.

या हिशेबात एक गंमतही आहे. एकच फाइल चार गटांनी वाचली, तर तिच्या पानांचा खर्च साधारणपणे पहिला हात लावणाऱ्याच्या नावावर पडतो. बाकीचे तीच पाने फुकट वापरतात. म्हणजे इतके बारीक मोजूनही कुणाच्या नावावर किती, हे पूर्ण न्यायाने सांगता येत नाही. मग नुसत्या अंदाजाने बोट दाखवणाऱ्या आमच्यासारख्यांचे काय?

त्या तरुणाने आता पाचही जणांना मर्यादा घालून दिल्या आहेत, आम्हालाही. फोटो आम्ही वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले. आणि ज्या वर्गासमोर त्या मुलाला बाहेर काढले होते, त्याच वर्गासमोर त्याची माफी मागितली. "सर, राहू द्या," एवढेच तो म्हणाला, पण त्याची मान वर होती.

घरातही डबा रिकामा दिसला की आपण शेवटी हात घालणाऱ्याला धरतो. भगिनींनो, बंधूंनो, पुढच्या वेळी आधी नोंद पाहू या. मोठा खर्च कदाचित आपल्याच नावावर निघेल.