मैदानावरील विश्वास आणि शासनाचा पहारा

वणी तालुक्यातील राजूर हे कोळसा खाणींचे गाव. अशा गावातील मूल शालेय संघात निवडले गेले की प्रथम तालुका स्पर्धेत खेळते. तेथे विजयी झाल्यास जिल्हा स्पर्धेसाठी शंभराहून अधिक किलोमीटरवरील यवतमाळला आणि पुढे अमरावती विभागाच्या स्पर्धेसाठी जाते. यशाच्या प्रत्येक पायरीगणिक ते घरापासून दूर जाते आणि प्रशिक्षकाच्या अधिकाधिक स्वाधीन होते. प्रवास, मुक्काम, संघातील स्थान, सारेच त्याच्या हाती असते. बहुतेक प्रशिक्षक हा विश्वास निष्ठेने सांभाळतात. परंतु जो सांभाळत नाही, त्याच्याविरुद्ध बोलण्याचे धैर्य तेरा वर्षांच्या मुलाला कोठून यावे?

अमेरिकेतील जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याच्याविरुद्ध २०१८ साली दीडशेहून अधिक मुली व स्त्रियांनी न्यायालयात आपली व्यथा मांडली. तक्रारी त्याआधी अनेक वर्षे होत होत्या. जबाबदार मंडळींनी त्यांची दखल घेतली नाही.

भारतात २०१२ चा ‘पॉक्सो’ कायदा आहे. त्याच्या २०२० च्या नियमांत शाळा व पाळणाघरांसोबत क्रीडा अकादमींचाही स्पष्ट उल्लेख आहे. तेथील कायम वा कंत्राटी प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करणे संस्थेवर बंधनकारक आहे. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील घटनेनंतर राज्य शासनाला पडताळणी, तक्रारपेटी आणि सीसीटीव्ही यांविषयी पुन्हा आदेश काढावे लागले. नियम चार वर्षे अस्तित्वात होता. तो पाळला जातो की नाही, हे पाहणारी नजर अपुरी पडली. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात सुरक्षित क्रीडा धोरणाची तरतूद आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. मात्र त्याचा मुख्य रोख राष्ट्रीय संघटनांवर आहे. गावच्या मैदानापर्यंत तो पोहोचायचा, तर जिल्हा क्रीडा कार्यालय, शिक्षण विभाग आणि पोलीस यांनी नियमित तपासणी करावयास हवी.

तोवर पालकांनी संकोच न बाळगता तीन प्रश्न विचारावेत. प्रशिक्षकाची पोलीस पडताळणी झाली आहे काय? मुक्कामी मुलींसोबत जबाबदार महिला असणार काय? तक्रार आल्यास ती कोण ऐकणार? समाजसंस्थांची वसतिगृहे आणि उन्हाळी शिबिरे यांनाही हेच प्रश्न लागू होतात.

अत्याचाराची केवळ शंका आली, तरी पोलिसांना कळविणे हे कायद्याने प्रत्येकाचे कर्तव्य आहे. संस्थेच्या प्रमुखाने माहिती दडविल्यास त्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. तो प्रत्येक मुलास पाठ असावा. आणि घरी परतलेल्या मुलास ‘जिंकलास काय?’ असे विचारण्यापूर्वी ‘तेथे बरे वाटले ना?’ असे विचारले जावे.