कागदी बेडूक आणि लीप वर्षाची उडी

लीप वर्ष कोणतें, असें शाळेंतील मुलास विचारलें, तर 'ज्या सालास चारनें भाग जातो तें' हें उत्तर तत्काळ मिळतें. पण त्यास 'लीप', म्हणजे उडी, हें नांव कां पडलें असें विचारतांच बहुधा सर्व बालमंडळी मौन धरते, किंवा मोबाइलकडे हात नेते. आमच्या नवी मुंबईंतील लहानशा दिवाणखान्यांतहि ह्या प्रश्नाचें उत्तर एका कागदी बेडकाकडून मिळवितां येतें; तें कसें, हें आज सांगावयाचें आहे.

पृथ्वीस सूर्याभोंवतीं एक फेरी करण्यास सुमारें ३६५ दिवस, ५ तास व ४९ मिनिटें लागतात. हे वरचे तास सांचून चार वर्षांत जवळजवळ एक दिवस भरतो. तोच २९ फेब्रुवारी. आतां ३६५ दिवसांत ५२ आठवडे होऊन एक दिवस उरतो, म्हणून कोणतीहि तारीख दरवर्षीं एक वार पुढें सरकते. १ मार्च ही तारीख २०२२ सालीं मंगळवारीं होती, २०२३ सालीं बुधवारीं. २०२४ सालीं मात्र मध्यें जादा दिवस आल्यामुळें ती गुरुवार ओलांडून एकदम शुक्रवारीं गेली. हीच ती उडी! पाणिनीच्या व्याकरणांत एखादें पद मधलीं सूत्रें सोडून पुढील सूत्रांत जातें, त्यास मंडूकप्लुति म्हणतात. तेव्हां बेडकाची निवड आम्हीं उगीच केलेली नाहीं.

जुन्या लग्नपत्रिकेचा ताठ पण फार जाड नसलेला कागद ७ सेंटिमीटर रुंद व १४ सेंटिमीटर लांब कापावा. तो उभा ठेवून वरची कड प्रथम उजव्या व मग डाव्या कडेशीं जुळवून तिरप्या घड्या घालाव्या व उघडाव्या. वरच्या चौरसांत फुली उमटेल. फुलीच्या मध्यांतून एक आडवी घडी मागच्या बाजूस घालून उघडावी. त्या आडव्या घडीचीं दोन्ही टोकें आंत ढकलून वरचा भाग खालीं दाबला कीं त्रिकोण होतो. त्रिकोणाच्या वरच्या पदराचीं दोन्ही टोकें शेंड्याकडे दुमडावीं. हे पुढचे पाय. खालच्या भागाच्या उभ्या कडा पदराखालून मध्यरेषेवर आणाव्या. नंतर खालची कड त्रिकोणाच्या पायापर्यंत वर दुमडावी, आणि दुमडलेल्या भागाचा निम्मा भाग पुन्हां खालीं दुमडावा. बेडूक उलटा करून त्याच्या मागच्या कडेवर बोट दाबावें व झटकन् मागें ओढून सोडावें. पहिलीच घडी वांकडी पडली असेल, तर बेडूक लंगडा उडतो. म्हणून धाकट्यांस थोरल्या भावंडांनीं मदत करावी.

मग जमिनीवर खडूनें सात वारांचीं सात घरें आंखावीं. साध्या वर्षीं एक घर, लीप वर्षीं दोन, ह्या हिशेबानें बेडूक उडवावा. ज्याचा नेमका घरांत बसेल, त्यास एक गुण.

शतकाच्या वर्षांस मात्र चारशेंनीं भाग जावा लागतो. १५८२ सालीं पोप ग्रेगरी ह्यांनीं केलेल्या सुधारणेंतील हा नियम होय. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री व पुढें १९७७ सालीं पंतप्रधान झालेले मोरारजी देसाई ह्यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. १९०० हें लीप वर्ष नसल्यामुळें, जन्मानंतर ती तारीख प्रथम आली ती एकदम १९०४ सालीं, त्यांच्या वयास आठ वर्षें पूर्ण झालीं तेव्हां!

पुढील २९ फेब्रुवारी २०२८ सालीं मंगळवारीं येत आहे. त्या वर्षीं आपला वाढदिवस कोणत्या वारीं येईल, हें प्रत्येक मुलानें बेडकाकडून काढावें. जानेवारींत जन्मलेल्यांस येथें एक अडचण पडेल: त्यांची उडी २०२८ सालीं पडत नाहीं, २०२९ सालीं पडते. असें कां, हें त्यांचें त्यांनाच शोधूं द्यावें. वडील मंडळींनीं उत्तर सांगण्याची घाई करूं नये.