मागची सीट



परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, परभणीच्या जवळच, पेडगाव हे गाव आहे. दवाखाना, कॉलेज, बाजार, बँक, कचेरीतलं एखादं काम, काही म्हटलं की इथल्या माणसांना परभणी गाठावी लागते. अशा कोणत्याही गावाच्या रस्त्यावर सकाळी तासभर उभं राहून दोन आकडे मोजून पाहा. मोटारसायकलवरून किती बायका गेल्या? आणि त्यांतल्या किती जणी स्वतः गाडी चालवत होत्या? पहिला आकडा मोठा येईल. दुसरा बहुतेक एका हाताच्या बोटांवर मावेल. या दोन आकड्यांमधल्या अंतराबद्दल या वेळी बोलायचं आहे.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मोटारसायकल खेड्यातल्या घराघरात आली. बाईचं फिरणंही त्यामुळे वाढलं, हे नाकारून चालणार नाही. पण ते वाढलं ते दुसऱ्याच्या पाठीमागे बसून. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, ही मोठीच सोय झाली. पण अर्ध्या तिकिटाचा उपयोग व्हायचा तर गावात एसटी यायला हवी, आणि कामाच्या वेळेला यायला हवी. २०२१-२२ च्या संपात कित्येक महिने एसटी जवळजवळ बंद होती. तेव्हा कुणाचं कॉलेज सुटलं, कुणाची तपासणी राहून गेली, हे आपण पाहिलं. घरासमोर गाडी उभी होती, पण ती चालवणारा शेतात, कामाला किंवा दुसऱ्या गावाला. रात्री घरात कुणाला छातीत दुखायला लागलं, बाळंतिणीला कळा सुरू झाल्या, तर दारातली गाडी असून नसल्यासारखी, कारण ती चालवता येणारं घरात कुणी नाही.

आता मागच्या सीटवर बसणाऱ्या बाईकडे जरा नीट पाहू. ती बहुधा एका बाजूला पाय सोडून बसते. एका हातात पिशवी, मांडीवर मूल, पदर वाऱ्यावर. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणारा माणूस गुडघ्यांनी सीट धरू शकतो. तिला ते जमत नाही. अचानक ब्रेक लागला किंवा खड्डा आला की पहिली निसटते ती तीच. कायद्यालाही हे ठाऊक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतला १२३ वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ आणि पाय ठेवायला जागा असावी, आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्म्याहून कमी नाही एवढं झाकलेलं असावं. आपण ज्याला साडी-गार्ड म्हणतो ते हेच. गाडी ‘दिसायला बरी’ व्हावी म्हणून कित्येक तरुण ते काढून टाकतात. त्या दिसण्याची किंमत पदर किंवा ओढणी चाकात गेली की मागे बसणारी मोजते.

गाडीचा वेग किती, ओव्हरटेक करायचं की नाही, पावसात थांबायचं की जायचं, हे ठरवणारा पुढे बसलेला असतो. मागचीने ‘जरा हळू’ म्हटलं की ‘तुला काय कळतंय त्यातलं’ हे ठरलेलं उत्तर. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली शंभरातली चव्वेचाळीस दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसं दगावली, आणि त्यांतली १४,३३७ मागे बसलेली होती. आपल्या घरांकडे पाहिलं तर हे चित्र समजायला वेळ लागत नाही. घरात हेल्मेट एकच असतं आणि ते चालवणाऱ्याचं असतं. वास्तविक मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम दोघांनाही हेल्मेट सांगतं. दिल्लीत तर २०१४ च्या ऑगस्टपर्यंत बायकांना हेल्मेट ऐच्छिक होतं. सवलत म्हणून दिलेली ही गोष्ट खरं तर बाईच्या डोक्याची किंमत कमी धरणारी होती.

पैशाच्या बाबतीतही मागची सीट अशीच विसरलेली आहे. गाडीचा विमा नुसता ‘थर्ड पार्टी’ असेल, आणि आपल्याच गाडीच्या चुकीने अपघात झाला, तर मागे बसलेली व्यक्ती त्या विम्यात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली युनायटेड इंडिया विरुद्ध तिलक सिंग या खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. ‘पॅकेज’ म्हणजे आपण ज्याला ‘फुल विमा’ म्हणतो तो असेल तर मागे बसणारीलाही संरक्षण मिळतं. विमा भरताना थोडे पैसे वाचवतो म्हणून आपण काय सोडून देतो, हे किती जणींना कुणी सांगितलं आहे? जानेवारी २०२१ मध्ये ‘कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गृहिणी घरात जे राबते त्याला आर्थिक मोल आहे, आणि अपघाताची भरपाई ठरवताना ते धरलंच पाहिजे. चांगला निकाल आहे. पण हे मोल बाई गेल्यावरच कागदावर येणार असेल तर त्यात आपलं समाधान नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं की, बायकांनी गाडी शिकावी, आणि नीट शिकावी. यातल्या ‘नीट’ या शब्दावर जोर आहे.

मुलगे गाडी कशी शिकतात? चौदाव्या-पंधराव्या वर्षी वडिलांची गाडी काढून, मित्राबरोबर, कुणी न शिकवता. घरात त्याचं कौतुक होतं. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, असं २०१९ च्या दुरुस्तीपासून कायदा सांगतो. मुली आणि बायका कशा शिकतात? शिकल्याच तर नवऱ्याकडून किंवा भावाकडून, दोन-चार संध्याकाळी, ओरडा खात. सरळ रस्त्यावर गाडी चालली की शिक्षण संपलं. पुढे मग शाळा ते घर एवढाच रस्ता तिचा. मोटार ड्रायव्हिंग स्कूल बहुधा चारचाकी शिकवतात. म्हणजे दुचाकी नीट कुणीच शिकत नाही. मुलगा धाडसावर चालवतो आणि बाई भीतीवर. दोन्हीला कौशल्य म्हणता येत नाही.

एकेकटीने घाबरत शिकण्याऐवजी बायका एकत्र शिकल्या तर काय होतं, हे तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्याने दाखवलं आहे. १९९१ पासून तिथल्या साक्षरता चळवळीने सायकल शिकणं हा साक्षरतेचाच भाग मानला. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी तो कार्यक्रम उचलून धरला. शेतमजूर, खाणीत काम करणाऱ्या, अंगणवाडीतल्या बायका हजारोंनी मैदानात उतरल्या. पुरुषांनी टोमणे मारले, पण एकीला मारलेला टोमणा जितका लागतो तितका शंभर जणींना मिळून लागत नाही. आज सायकलच्या जागी स्कूटर किंवा मोटारसायकल धरली तर आपल्या गावातही हेच करता येईल.

शिकायचं काय, तेही सांगू. पहिली गोष्ट थांबणं. ताशी ४० च्या वेगात गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते, ६० च्या वेगात जवळजवळ १७ मीटर. समोर काही आलं हे कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत एवढं अंतर गेलेलंच असतं. शिवाय वेग दीडपट झाला की ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला दुपटीहून जास्त जागा लागते. पुढचा ब्रेक मारला की माणूस उलटा पडतो, ही भीती बहुतेक बायकांना घातलेली असते. खरं म्हणजे गाडी थांबवण्याचं जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. तो एकदम आवळायचा नाही, मागच्याबरोबर हळूहळू दाबत न्यायचा, आणि गाडी सरळ असताना दाबायचा. वळणात, वाळूवर किंवा चिखलात तो जोरात धरला की चाक घसरतं. मोकळ्या मैदानात वीस-तीस वेळा हे करून पाहिलं की हाताला कळतं.

दुसरी गोष्ट नजर. गाडी आपण पाहतो तिकडे जाते. खड्ड्याकडे बघत राहिलं तर खड्ड्यातच जाते. पुढच्या चाकाकडे न बघता लांब, जिथे जायचं आहे तिथे बघायचं. तिसरी गोष्ट अंतर. पुढची गाडी एखाद्या झाडाजवळून गेली की ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ म्हणायचं. त्याआधी आपण त्या झाडापाशी पोचलो तर फार जवळ आहोत. ट्रकच्या आरशात त्याच्या ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही.

काही गोष्टी आपल्या भागाच्याच आहेत. पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ आणि तेल एक होऊन निसरडं होतं. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांना लागलेली काळी माती डांबरावर पडते आणि ओली झाली की साबणासारखी होते. गळिताच्या दिवसांत रात्री उसाच्या ट्रॉल्या, मागे ना दिवा ना चमकपट्टी, रस्त्यात उभ्या असतात. समोरच्या दिव्यांनी डोळे दिपले की अशी ट्रॉली दिसत नाही. तिथे वेग कमी करणं हाच एक उपाय. सुगीत रस्त्यावर वाळत घातलेलं सोयाबीन, रंग न दिलेले गतिरोधक, अचानक आडवी येणारी म्हैस, हे सगळं आधी हेरायला शिकणं म्हणजेच रस्त्याचं भान. गावाच्या पाटीवर महामार्ग ओलांडताना पूर्ण थांबायचं, दोन्हीकडे पाहायचं, आणि येणाऱ्या ट्रकचा वेग आपल्याला वाटतो त्याहून जास्त आहे असं धरायचं.

कागदपत्रांचा बाऊ करायचं कारण नाही. आज बाजारातल्या बहुतेक स्कूटर १०० सीसीच्या पुढच्या आहेत, त्यांना अठरा वर्षं पूर्ण लागतात. आधी शिकाऊ परवाना, तो सहा महिने चालतो. तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. शिकाऊ परवाना असताना शिकवणाऱ्याखेरीज कुणाला मागे बसवायचं नाही, मुलालाही नाही. हेल्मेट आयएसआय छापाचं घ्या आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट डोक्याआधी उडून जातं. चार वर्षांखालच्या मुलाला फेब्रुवारी २०२३ पासून मोठ्या माणसाला बांधणारा पट्टा आणि त्याच्या मापाचं हेल्मेट सक्तीचं आहे, आणि तेव्हा वेग ४० च्या आत ठेवायचा आहे. पदर कमरेला खोचा, ओढणीची टोकं बांधा. अपघात पाहिला तर १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे. मे २०२५ पासून ठरवून दिलेल्या रुग्णालयांत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची योजना लागू झाली आहे. ‘आधी पैसे भरा’ असं कुणी म्हटलं तर हे सांगता आलं पाहिजे.

दोन आक्षेप आपल्या कानावर येतातच. पहिला, ‘रस्ते इतके वाईट, बाईने कशाला जिवाची जोखीम घ्यावी?’ पण ती जोखीम तर ती रोज मागे बसून घेतेच आहे, हेल्मेटशिवाय आणि निर्णयाशिवाय. सुरक्षिततेच्या नावाखाली बाईला घरी बसवणं ही आपल्याकडची जुनी युक्ती आहे. रस्ता धोक्याचा असेल तर तो सुधारायचा आणि त्यावर कसं चालायचं ते शिकायचं.

दुसरी गोष्ट आक्षेप नाही, अडचण आहे, आणि ती आपल्या मैत्रिणीच सांगतात. गाडी आली की मुलांना शाळेत सोडणं, सासऱ्यांना दवाखान्यात नेणं, शेतावर डबा पोचवणं, दळण, ही कामंही तिच्याच गळ्यात पडतात. हे खरं आहे. म्हणून गाडी शिकताना घरात काही प्रश्न विचारायला हवेत. गाडी कुणाच्या नावावर? पेट्रोलचे पैसे कुणाच्या हातात? कामाशिवाय, नुसतं मैत्रिणीकडे किंवा बैठकीला जायचं असेल तर किल्ली मिळेल का? या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत गाडी चालवणं हे बाईसाठी आणखी एक काम एवढंच राहील.

आमची सूचना साधी आहे. पुढच्या अंकापर्यंत आपापल्या गावातल्या मंडळाने किंवा बचत गटाने शाळेचं मैदान दर रविवारी दोन तास मागून घ्यावं. चांगली गाडी चालवणारी एक बाई, नसेल तर न ओरडणारा एक पुरुष शोधावा. दोन गाड्या आणि चार हेल्मेटं पुरेत. थांबणं, वळणं, सावकाश चालवणं यांचाच सराव महिनाभर करावा. रस्त्यावर उतरायची घाई नको. परभणीच्या आरटीओकडे बायकांसाठी शिकाऊ परवान्याचं शिबिर गावात घ्या असा अर्ज करावा, आणि ग्रामसभेत पाटीवरचा दिवा आणि गतिरोधकाचे पांढरे पट्टे मागावेत. ज्यांना गाडी शिकायचीच नाही, त्यांनीही दोन गोष्टी कराव्यात. स्वतःसाठी दुसरं हेल्मेट मागावं, आणि घरातल्या गाडीचा विमा कोणता आहे ते कागद काढून पाहावं.

काय अनुभव आला, कुणी अडवलं, कुणी साथ दिली, किती जणी शिकल्या, हे आम्हाला जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात तुमची पत्रं छापू.